बाबांच्या गोळीला काय म्हणायचं?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६. वडील ७४ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. शहरातल्या रुग्णालयाने उपचारांच्या कागदासोबत मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि दर चार तासांनी एक द्यायला सांगितलं. रविवारी घरी आलेल्या थोरल्या भावाने तो कागद वाचला आणि म्हणाला, "ही अफू आहे. बाबांना म्हातारपणी गर्दुल्ला करायचाय का? गुंगीत ठेवून मारायचंय का?" तेव्हापासून ताई 'अगदीच सहन होईना तर' गोळी देतात, दिवसाला एखादी. बाबांनी विचारलं तर 'ताकदीची गोळी' म्हणून सांगतात. एका रात्री बाबा फार कळवळले, तेव्हा आईने आपल्या 'टेन्शनच्या गोळी'तली अर्धी त्यांना दिली. आई ती गोळी नऊ वर्षं घेते आहे. चुलत्यांनी मेडिकलमधून 'साधी पेनकिलर' आणून दिली, तीही चालू आहे. ताई विचारतात: मी बाबांना गुंगीत ठेवते आहे का? खोटं नाव सांगणं चूक आहे का? आणि दादाला काय सांगू?

ताई,

तुमचं पत्र मी हातात पेन्सिल घेऊन वाचलं. 'गुंगी' हा शब्द त्यात सात वेळा आला आहे. 'कळ' एकदाच, आणि तोही बाबांच्या तोंडचा: "कंबरंतनं कळ निघती ती पार गुडघ्यापतुर." सात वेळा आलेल्या शब्दाने तुमची झोप उडवली आहे. एकदा आलेल्या शब्दाने बाबांची. आपण बाबांच्या शब्दापासून सुरुवात करू.

मी २७ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. "जरा गुंगीची गोळी द्या" असं म्हणत येणारी माणसं मी रोज पाहिली. एकाला अंगावर पित्त उठलं म्हणून अ‍ॅव्हिल हवी असायची, कारण ती घेतली की झोप येते. दुसऱ्याला एसटीत उलटी होते त्यावरची गोळी. तिसऱ्याला नवरा वारल्यापासून झोप नाही. चौथ्याची दाढ ठणकतेय आणि त्याला वाटायचं, गुंगी आली की ठणका कळणार नाही. चौघांच्या गोळ्या चार वेगळ्या जातीच्या, मागताना नाव एकच. शब्दाला दोष द्यायला नको, लोकांना त्या गोळ्यांत जे समान दिसलं ते त्यांनी नावात घेतलं. पण औषधाने आलेली झोप हे कधी त्या औषधाचं काम असतं आणि कधी नुसता जोडपरिणाम. तुमच्या घरातला सगळा गोंधळ या एका फरकावर उभा आहे.

पुस्तकी मराठीनेही फार मदत केलेली नाही. दुखणं कमी करतं ते 'वेदनाशामक', मन आणि मेंदू शांत करतं ते नुसतं 'शामक'. दोन्हींत तोच 'शम', म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की एक मोठा भाऊ आणि दुसरा धाकटा. तसं नाही. वेदनाशामक दुखण्यावर काम करतं. शामक जागेपणावर आणि काळजीवर काम करतं, दुखण्याला ते हात लावत नाही. हाड दुखत असलेल्या माणसाला नुसतं शामक दिलं तर तो कण्हायचा थांबेल, पण दुखायचा थांबणार नाही. आणि 'भूल' ही तिसरीच गोष्ट. ती ऑपरेशनच्या टेबलावर भूलतज्ज्ञ देतात. घरच्या डब्यात भूल नसते. दादांच्या मनात मात्र हे तिन्ही एकाच बाटलीत भरलेलं दिसतंय.

तुमच्या घरात औषधांचा एखादा डबा असेलच, बहुतेक बिस्किटांचा जुना. तो आत्ता समोर ओता.

आधी चुलत्यांची 'साधी पेनकिलर' काढा. काउंटरवर मला सगळ्यात जास्त धडकी 'साधी' या शब्दाने भरायची. साधी म्हणून जी पट्टी दिली जाते ती बहुतेक डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन या कुळातली असते. सांधा सुजला, पाय मुरगळला, दाढ काढली, तर ही औषधं छान काम करतात. हाडांतल्या कॅन्सरच्या दुखण्यातही डॉक्टर कधी कधी ती मुद्दाम देतात. पण ७४ वर्षांच्या माणसाला कोणी न विचारता रोज दिली तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. प्रोस्टेटच्या आजारात लघवीची वाट आधीच अडलेली असू शकते. त्यात मूत्रपिंड थकलं की मॉर्फिनही अंगात साठू लागतं. म्हणजे दादांना ज्या गुंगीची भीती आहे, ती या 'साध्या' गोळीमुळे येऊ शकते! पट्टीवरचं नाव डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत ती बंद ठेवा. (गिधाडं का नाहीशी झाली हे गावात कुणी विचारलं तर तेच डायक्लोफिनॅक. गुरांना टोचलं जायचं, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं. साधी गोळी!)

डब्यात 'तापाची गोळी'ही असेल. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो. तिचं नाव तापाला चिकटल्यामुळे ताप नसतानाही ती घेता येते हेच लोक विसरले. खरं तर ती वेदनाशामकही आहे, आणि वयस्क माणसाच्या पोटाला त्यातल्या त्यात सोसणारी. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, अशक्त आणि म्हाताऱ्या माणसाला त्याहून कमी. घोटाळा होतो तो बेरजेत. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पुन्हा तेच. तीन नावांनी एकच औषध तीनदा पोटात जातं आणि यकृताला नावांशी काही देणंघेणं नसतं. म्हणून पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायचं. चष्मा लागला तर लावायचा.

आता आईंची गोळी. आधीची पिढी सगळ्यालाच 'काम्पोज' म्हणायची, आता 'टेन्शनची' किंवा 'झोपेची' म्हणतात. नऊ वर्षं चालू आहे म्हणजे बहुधा अल्प्राझोलाम किंवा तिच्या कुळातली. ही शामक आहे, वेदनाशामक अजिबात नाही. त्या रात्री बाबा शांत पडले असतील, पण त्यांची कळ गेली नव्हती. ती सांगायचं बळ गेलं होतं. आणि मॉर्फिनसोबत ही गोळी घेतली तर दोन्हींच्या परिणामाने श्वास मंदावू शकतो. त्या रात्री काही झालं नाही, ठीक. पुन्हा करू नका, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना हे न लपवता सांगा. ते रागावणार नाहीत, रोज ऐकतात. काही रुग्णांना दोन्ही मिळून देतातही, पण मात्रा मोजून आणि लक्ष ठेवून.

मला एक गंमत वाटली. नऊ वर्षं रोज शामक घेणाऱ्या आईंना घरात कुणी काही म्हटलं नाही, कारण त्या गोळीचं नाव घरगुती होतं. दिवसाला एखादी गोळी मिळणाऱ्या बाबांवर मात्र गर्दुल्ल्याचा शिक्का बसला. सवयीचा प्रश्न या घरात खरा कुणाचा असेल तर तो आईंचा आहे. पण घाबरून उद्यापासून ती बंद करू नका. इतकी वर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर झोप पार उडते, हात थरथरतात, फिट येऊ शकते. डॉक्टरांशी बोलून आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवायची. वय झाल्यावर या गोळीने रात्री उठताना तोल जातो, म्हणून तोवर त्यांच्या खोलीत रात्री एक दिवा चालू ठेवा.

दादांकडे येते. दादा खोटं बोलत नाहीत. मॉर्फिन अफूतूनच निघतं. आपल्याकडे नीमच, मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती औषधांसाठी वापरली जाते. गर्द, म्हणजे हेरॉइन, तीही मॉर्फिनपासूनच बनवतात. नात्याने सगळी एकाच घरातली. पण ताक, दारू आणि व्हिनेगर या तिन्हींत आंबवणंच असतं, तरी आपण ताक पिणाऱ्याला दारुडा म्हणत नाही.

नावाचा घोळ तर जन्मापासूनचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत एका औषधालयात काम करणाऱ्या तरुणाने, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसाने, अफूतून हे द्रव्य वेगळं काढलं. नाव ठेवलं ग्रीकांच्या स्वप्नांच्या देवावरून, मॉर्फियसवरून. कळीवरच्या औषधाला झोपेकडचं नाव दिलं आणि आपण अजून ते निस्तरतोय.

कायद्याचंही सांगते, कारण दादांना कागद दाखवावा लागेल. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने दवाखाने आणि मेडिकलवाले इतके धास्तावले की हे औषध ठेवायलाच तयार नसत. २०१४ साली तो कायदा बदलला. मॉर्फिनसह काही औषधांना 'अत्यावश्यक' म्हणून वेगळं काढलं आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं केलं. तुमच्या हातातली चिठ्ठी त्या मार्गाने आलेली आहे. ती फाइलमध्ये जपून ठेवा, प्रवासात सोबत असू द्या.

आणि 'सवय लागेल' याचं काय? आपण 'सवय' हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतो. शरीर औषधाला सरावतं आणि काही महिन्यांनी मात्रा वाढवावी लागते, हा सराव. औषध एकदम थांबवलं तर अंग कुरकुरतं, घाम येतो, जुलाब होतात, म्हणून ते हळूहळू उतरवायचं असतं, ही शरीराची सवय. आणि तिसरं व्यसन: नुकसान दिसत असूनही मन त्यामागे धावतं, घर विकलं जातं, माणूस खोटं बोलू लागतो. पहिल्या दोन गोष्टी बाबांना होतील, होऊ द्या, डॉक्टरांना त्या ठाऊक आहेत. तिसरी कॅन्सरच्या कळीसाठी मोजून औषध घेणाऱ्या माणसात क्वचितच दिसते.

उलट, सांगायला वाईट वाटतं, पण 'अगदीच सहन होईना तर' देण्याच्या तुमच्या पद्धतीने बाबा व्यसनी दिसू लागतील. कळ शिगेला पोचेपर्यंत थांबायचं, मग गोळी, मग ती लागू पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास तळमळ, मग थोडं बरं, मग पुन्हा वाट बघणं. माणूस घड्याळाकडे बघणारच. "झाली का गं वेळ?" विचारणारच. बघणाऱ्याला वाटतं, लागली सवय. घड्याळाप्रमाणे दिलं तर कळ डोकं वर काढायच्या आत पुढची मात्रा पोचते आणि एकूण औषध कमीच लागू शकतं. रात्री काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. कधी कधी झोपताना जास्त मात्रा देऊन मध्यरात्रीची गोळी टाळतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. पाकिटावर नावापुढे 'एसआर' असेल तर ती गोळी सावकाश विरघळणारी असते. ती बारा तासांची असते आणि चावायची किंवा कुटायची नसते. तुमच्या चिठ्ठीतली चार तासांची आहे, पण पुढे बदलली तर लक्षात ठेवा.

पहिले तीन-चार दिवस बाबा झोपतील. थोडी मळमळही होईल. त्या झोपेतली बरीचशी उधारी असते, कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाची. पाचव्या दिवशी ते बहुधा ओसरीवर येऊन बसतील. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीपासूनच लागतं. चिठ्ठीत नसेल तर मागून घ्या. नुसत्या इसबगोलाने भागत नाही, आणि पाणी कमी पीत असतील तर तो आतच अडकतो. आता गुंगी खरोखर घातक कधी? हाक मारून, हलवूनही नीट जागे होत नाहीत, श्वास अगदी संथ आणि अडखळत चालू आहे, मिनिटाला आठ-दहा, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. असं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना फोन करून दवाखाना गाठा. लघवी फार कमी झाली तरी कळवा. आणि घरात नातवंडं असतील तर डबा कुलपात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खोट्या नावाचा. तुम्ही ते मायेने सांगितलंत, हे मला कळतं. पण शेतकरी माणसाला 'ताकदीची गोळी' म्हटल्यावर तो काय करेल? बरं वाटलं तर म्हणेल, "आज नको, ताकद हाय." आणि पेरणीच्या आठवड्यात कुणी सांगावं, दोन घेईल. डॉक्टरांनी विचारलं, "कळीच्या गोळीने किती वेळ आराम पडतो?" तर त्यांना उत्तरच देता येणार नाही, कारण त्यांच्या मते अशी गोळी ते घेतच नाहीत. खोट्या नावाने औषधाची मात्रा बिघडते. खरं नाव सांगणं म्हणजे आजाराचं सगळं पान एकदम वाचून दाखवणं असतं, हे मात्र तुम्ही गृहीत धरलंय. ते तसं नाही. हृदयविकाराच्या झटक्यात, मोठ्या ऑपरेशननंतर घरी परतणाऱ्या माणसांनाही मॉर्फिन मिळतं. बाबांना त्यांचाच शब्द परत द्या: "बाबा, ही कळीची गोळी. घड्याळाप्रमाणं घ्यायची. कळ नसली तरी." त्यापुढे ते जेवढं विचारतील तेवढंच सांगा. मुंबईत वांद्र्याला १९८६पासून एक संस्था अशा रुग्णांची सेवा करते, तिच्या नावातच 'शांती अवेदना' आहे. कॅन्सरच्या दवाखान्यात 'पॅलिएटिव्ह', म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याचा, विभाग असेल तर त्याचा नंबर घ्या, मात्रेचे प्रश्न तिथे फोनवर सुटतात.

आणि एक वही करा. गोळीची वेळ तर लिहाच, पण दुखणं बाबांच्या शब्दांत लिहा. आपली मराठी औषधांच्या नावांत गरीब असेल, दुखण्याच्या नावांत फार श्रीमंत आहे. ठणकतंय, ठसठसतंय, कळ मारतेय, चमक निघते, उसण भरली, पेटके येतात, आग होते, मुंग्या येतात, भगभगतंय. प्रत्येक शब्द डॉक्टरांना वेगळं काहीतरी सांगतो. ठणका बहुधा सुजेचा. पोटात पिळवटून पेटका येत असेल तर त्याची गोळीच वेगळी. आणि आग, मुंग्या, विजेसारखी चमक हे शिरेचं दुखणं, ज्याला मॉर्फिनही कधी कधी पुरत नाही. बाबांची कंबरेतून गुडघ्यापर्यंत जाणारी कळ मला त्यातली वाटते, म्हणून ते वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना ऐकवा. त्याच वेळी पायातली शक्ती गेल्यासारखी वाटली, लघवी अडली किंवा कळली नाही, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण पाठीच्या कण्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो.

शिरेच्या दुखण्यावर डॉक्टर कदाचित अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगाबालिन देतील. दादा मोबाइलवर नाव शोधतील, तिथे 'डिप्रेशनची गोळी', 'फिटची गोळी' असं दिसेल आणि घरात पुन्हा कल्लोळ होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. माझ्या दुकानात नागीण होऊन गेलेल्या एक आजी यायच्या. कुण्या नातवाने असंच वाचून दाखवल्यावर त्यांनी औषध टाकून दिलं. म्हणाल्या, "डॉक्टरनं मला येडी ठरवली." तीन आठवडे पाठीला पदर लागू देत नव्हत्या. एकच औषध मोठ्या मात्रेत मन सावरतं आणि छोट्या मात्रेत शिरेची आग विझवतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. पट्टी कापून दिली, पैसे घेतले, झालं.

दादांशी शब्दावरून वाद घालू नका. अफू की औषध, यात ते जिंकतील, कारण दोन्ही खरं आहे. ते रविवारी सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. तेवढ्या वेळात बाबा लेकासाठी कण्ह दाबून बसत असतील. त्यांना बाबांची रात्र माहीतच नाही. त्यांना चार दिवसांची रजा काढायला सांगा, रात्री बाबांच्या खोलीत त्यांचं अंथरूण घाला आणि वही त्यांच्याच हातात द्या. गोळीच्या वेळांचा गजरही त्यांच्याच मोबाइलवर लावा.